नव्या विद्यापीठाची पहिली वर्षे कशी लिहावीत : १९१६ च्या महिला विद्यापीठाचा दाखला

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ज्या विद्यापीठात शिकवता, त्याला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली आहेत. या पाच वर्षांचा वृत्तान्त लिहिण्याचे काम आपल्यावर सोपवले गेले आहे आणि हाती आलेल्या कागदांत भूमिपूजने, सामंजस्य करार व विद्यार्थिसंख्येचे तक्ते यांच्यापलीकडे फारसे काही नाही. अशा वेळी विद्यापीठाच्या वाटचालीतला टप्पा कशाला म्हणायचे आणि नवा उपक्रम कशाला, असे आपण विचारले आहे.

विद्यापीठाच्या शैक्षणिक आणि परीक्षा विभागांत माझी तीसेक वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, जुन्या विद्यापीठाचे नियम जसेच्या तसे उतरवून घेणे सोपे असतानाही नव्या विद्यापीठाने जे निर्णय वेगळे घेतले आणि त्या वेगळेपणाची जी किंमत मोजली, तेच त्याच्या पहिल्या वर्षांतले टप्पे होत. हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून आपल्याच भूमीतला एक दाखला तपशिलाने मांडतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेले महिला विद्यापीठ, म्हणजेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, हा तो दाखला आहे.

प्रथम पार्श्वभूमी. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला स्थिरावला, आणि १९०७ मध्ये त्याला महिला विद्यालयाची जोड मिळाली. फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ पासून गणित शिकवणारे कर्वे १९१४ मध्ये निवृत्त झाले. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणासाठी विषय त्यांच्या मनात तयार होता. जपानमध्ये जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांच्याकडून त्यांच्या हाती आली होती. त्या पुस्तिकेने त्यांना विचारात पाडले, आणि हिंदुस्थानातही असे विद्यापीठ असावे ही कल्पना त्यांनी अध्यक्षीय भाषणातून मांडली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत विद्यापीठाचे काम सुरूही झाले. पहिल्या महाविद्यालयाचे नाव महिला पाठशाळा असे होते, आणि पहिल्या वर्षीच्या विद्यार्थिनी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

त्या काळी विद्यापीठ स्थापन होत असे ते कायद्याने किंवा संस्थानिकाच्या फर्मानाने. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ चा. बनारस हिंदू विद्यापीठाचे कामही १९१६ मध्येच सुरू झाले, पण त्याच्या पाठीशी १९१५ चा कायदा होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, निजामाच्या खजिन्यावर उभे राहिले. हिंगण्याच्या विद्यापीठामागे यांपैकी काहीच नव्हते. सरकारी सनद नसताना आणि ती मिळण्याची वाट न पाहता पदवी देणारी संस्था काढायची, हा त्याचा पहिला निर्णय होता, आणि पुढच्या सर्व अडचणी व सर्व मोकळीक यांचे मूळ त्या एका निर्णयात आहे. सनद असती तर मुंबई विद्यापीठाच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणि इंग्रजी माध्यम बहुधा तिच्याबरोबर आले असते.

माध्यमाच्या प्रश्नाशी थोडे थांबतो, कारण मला स्वतःला या विद्यापीठाचे सर्वांत मोठे काम तेच वाटते. पदवीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, आणि इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून शिकवायचे, अशी ही योजना होती. १९१६ मध्ये पदवीच्या पातळीवरचे इतिहास, मानसशास्त्र, शरीरशास्त्र मराठीतून शिकवायचे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने एखाद्या विषयाचे मराठी माध्यमाचे अभ्यासमंडळ चालवले आहे त्यालाच नीट येईल. पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच. शिक्षक स्वतः इंग्रजीतून शिकलेला, त्याच्यासमोरचा ग्रंथ इंग्रजी, आणि बोलायचे मराठीत. संज्ञा वर्गातच घडवायच्या, त्याच संज्ञा प्रश्नपत्रिकेत वापरायच्या, आणि दुसऱ्या केंद्रावरच्या परीक्षकालाही त्या कळतील अशी व्यवस्था करायची. उस्मानियाने उर्दू माध्यम स्वीकारले तेव्हा भाषांतरासाठी स्वतंत्र कार्यालय उभारले गेले आणि त्याला राज्याचा पैसा मिळाला. हिंगण्यात हे काम थोड्या वेतनावर शिकवणाऱ्या शिक्षकांनी केले. पुढे गुजरातेत विद्यापीठाचे काम वाढले तेव्हा गुजरातीसाठीही हीच खटपट करावी लागली, म्हणजे एकाच विद्यापीठात दोन भाषांतून एकाच पातळीची परीक्षा घ्यावी लागली. उत्तरपत्रिकांचे दोन भाषांतले मूल्यमापन समान ठेवणे हा परीक्षा विभागाला आजही घाम फोडणारा प्रश्न आहे.

या योजनेवर आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. इंग्रजी माध्यमावाचून उच्च शिक्षण होऊच शकत नाही, असे मानणारे सुशिक्षित एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला गांधीजींना मातृभाषेचे माध्यम पूर्णपणे मान्य होते, परंतु इंग्रजी सक्तीचे असावे हे पटत नव्हते. कर्वे यांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि इंग्रजी सक्तीचेच ठेवले. पदवी घेतलेल्या बाईला पुढचे वाचन, पत्रव्यवहार आणि नोकरी यांसाठी इंग्रजी लागेल, हा त्यामागचा व्यवहार होता. आपल्या वृत्तान्तात अशा मतभेदांची नोंद जरूर घ्यावी. एखादा निर्णय एकमताने झाला असे लिहिले की वाचणाऱ्याला त्या निर्णयाचे वजन कळत नाही. कोणी विरोध केला, कशासाठी केला आणि तरीही काय ठरले, हे लिहिले म्हणजे ते कळते.

दुसरा नवा प्रयोग अभ्यासक्रमाचा. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, बालसंगोपनाला उपयोगी पडणारे मानसशास्त्र यांना येथे पदवीच्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले, आणि गणित ऐच्छिक करण्यात आले. गणित शिकवण्यात ज्यांची वीस-बावीस वर्षे गेली, त्यांनीच हे ठरवले. याचा अर्थ लावताना घाई करू नये असे मला वाटते. हिंगण्याला येणाऱ्या अनेक मुली आणि विधवा उशिरा शिक्षणाला लागलेल्या होत्या. वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी धुळाक्षरांपासून सुरुवात केलेल्या बाईला मॅट्रिकचे बीजगणित आणि भूमिती हा मोठा अडसर ठरत असे, आणि तो काढल्यामुळे तिला पदवीची वाट मोकळी झाली. त्याच वेळी स्त्रीचे मुख्य क्षेत्र घर, ही समजूत या अभ्यासक्रमाने पक्की केली, हा आक्षेपही खरा आहे. पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी प्रचलित विद्यापीठे खुली आहेतच, अशी कर्वे यांची भूमिका होती. परंतु गावात एकच शाळा, आणि तीही या विद्यापीठाला जोडलेली, अशा मुलीला ही निवड प्रत्यक्षात किती उरत होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते तो अभ्यासक्रम त्याच्या काळात हजारो घरांची दारे उघडणारा होता आणि पुढे बदलणे भाग होते. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहिता आल्या पाहिजेत.

बाहेरून परीक्षेला बसण्याची सोयही याच संदर्भात सांगायला हवी. लग्न झालेली, सासरच्या गावी असलेली, वर्गात येऊ न शकणारी बाई घरी अभ्यास करून या विद्यापीठाची परीक्षा देऊ शकत असे. आज मुक्त विद्यापीठे आहेत, दूरस्थ शिक्षणाचे नियम आहेत, त्यामुळे याचे अप्रूप वाटणार नाही. त्या काळात मात्र या सोयीमुळे विद्यापीठाची हद्द हिंगण्याच्या माळावरून थेट घराच्या माजघरापर्यंत गेली. आपल्या विद्यापीठानेही नियमात एखादी लहानशी सवलत दिली असेल, उपस्थितीची, वयाची किंवा खंड पडलेल्या विद्यार्थ्यांच्या पुनःप्रवेशाची. ती परिपत्रकाच्या तळाशी दडलेली असते. ती शोधून काढावी, आणि तिचा लाभ किती जणांनी घेतला हे परीक्षा विभागाकडून मागवावे. मोठ्या सभागृहाच्या उद्घाटनापेक्षा अशी सवलत टप्पा म्हणून अधिक मोलाची असते.

कारभाराच्या रचनेबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून तेही सांगतो. सनद नसल्यामुळे या विद्यापीठाला अधिकार सरकारकडून मिळत नव्हता. मग तो कोठून आणायचा? कर्वे यांनी तो वर्गणीदारांकडून आणला. वार्षिक वर्गणी देणाऱ्या पदवीधरांचे आणि इतर हितचिंतकांचे मतदारसंघ करून त्यांच्याकडून सिनेटचे, म्हणजे अधिसभेचे, सभासद निवडून घेण्याची पद्धत त्यांनी घातली. थोडी वर्गणी देणारा माणूसही त्यामुळे विद्यापीठाचा मतदार झाला, आणि वर्गणी मागण्यासाठी गावोगाव फिरणे हे निधी जमवण्याबरोबरच मतदार जमवण्याचेही काम ठरले. पहिले कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि पहिले कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. भांडारकर पूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर (तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आलेले) व फर्ग्युसनचे प्राचार्य होते. सरकारने न मानलेल्या विद्यापीठाच्या शिरोभागी सरकारमान्य विद्वत्तेची ही दोन नावे असणे, याचा परीक्षांच्या दर्जाबद्दल लोकांच्या मनात विश्वास निर्माण होण्यास मोठा उपयोग झाला असला पाहिजे. नव्या विद्यापीठाने पहिले पदाधिकारी कोणते निवडले आणि कशासाठी, हेही म्हणूनच वृत्तान्तात यावे, केवळ छायाचित्राखालच्या नावांपुरते नव्हे.

आता किमतीकडे येतो. विद्यापीठाने आपल्या पदव्यांना स्वतःची नावे दिली. पदवीधर स्त्री गृहीतागमा झाली, त्यापुढची पदवी प्रदेयागमा. जिने आगम म्हणजे शास्त्र ग्रहण केले ती गृहीतागमा, आणि जी ते दुसऱ्यांना देऊ शकेल ती प्रदेयागमा. मराठी-संस्कृत जाणणाऱ्याला या नावांत अर्थ होता आणि अभिमानही. पण सरकारी नोकरीच्या नियमांत बी. ए. होते, गृहीतागमा नव्हते. सरकारची मान्यता नसलेली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रीला आपल्या ज्ञानाची साक्ष प्रत्येक ठिकाणी नव्याने पटवावी लागत असे. तरीही मुलींच्या शाळांतून या पदवीधर शिक्षिका झाल्या, संस्थेतच राहून शिकवू लागल्या, आणि संस्थेचा पुढचा भार त्यांच्याच खांद्यावर आला.

ही अडचण मी वेगळ्या रूपात स्वतः पाहिलेली आहे. एका नव्या विद्यापीठाने एक आंतरशाखीय पदवी अभ्यासक्रम मोठ्या उत्साहाने सुरू केला होता आणि अभ्यासक्रम खरोखर चांगला होता. पहिल्या तुकडीतली एक विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत तिची नेमणूक अडली, कारण सेवाप्रवेश नियमांत त्या पदवीचे नाव नव्हते. समकक्षतेचे प्रमाणपत्र, मग खुलाशाचे पत्र, मग पुन्हा पत्र, असे करत कित्येक महिने गेले. अशा प्रकरणांची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जात असत, म्हणून मला ते आठवते. त्या विद्यापीठाच्या अहवालात अभ्यासक्रमाच्या शुभारंभाचे पानभर छायाचित्र आहे, आणि या मुलीबद्दल एक ओळही नाही. आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार पदव्यांची नावे आयोगाने निश्चित केलेलीच वापरावी लागतात, त्यामुळे गृहीतागमासारखे नाव आता देता येणार नाही. तरी पदवीच्या नावाखाली जे शिकवले जाते ते नवे असू शकते, आणि ते नियुक्ती करणाऱ्याला समजावून सांगण्याची जबाबदारी विद्यापीठाची असते. ती कशी पार पाडली, हे लिहिण्याजोगे आहे.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पहिली चार वर्षे विद्यापीठ वर्गण्यांवर आणि लहान-मोठ्या देणग्यांवर चालले. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. जगप्रवासात जपानमधले महिला विद्यापीठ त्यांनी स्वतः पाहिले होते. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांवरचे व्याज म्हणून दरसाल ५२,५०० रुपये विद्यापीठाला मिळू लागले, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव देण्यात आले. १९३६ मध्ये मुख्य कार्यालय मुंबईला गेले. मुंबई, अहमदाबाद, बडोदे अशा ठिकाणी महाविद्यालयांचे जाळे तयार झाले. आपल्याला या व्यवहाराचा विचार करताना एक गोष्ट उपयोगी पडेल. देणगीमुळे नाव बदलले, जागा बदलली, परंतु मातृभाषेचे माध्यम आणि केवळ स्त्रियांसाठीचे विद्यापीठ ही दोन तत्त्वे तशीच राहिली. देणगीच्या करारात काय देऊ केले गेले आणि काय राखले गेले, हे पाहिले की संस्थेला स्वतःबद्दल काय महत्त्वाचे वाटत होते ते समजते. आपल्याकडच्या सामंजस्य करारांकडेही याच नजरेने पाहावे. ज्या करारामुळे अभ्यासक्रमात, प्रयोगशाळेत किंवा विद्यार्थ्यांच्या हातात काही आले, तेवढाच लिहावा. बाकीचे परिशिष्टात जाऊ द्यावेत.

एवढी देणगी मिळूनही पैसा पुरत नव्हता, हेही खरे. १९२९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, कर्वे युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. बर्लिनमध्ये त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. परत आल्यावर वर्ष पूर्ण होण्याच्या आत ते आफ्रिकेला गेले आणि १९३२ पर्यंत तेथील भारतीय लोकांकडून विद्यापीठासाठी निधी जमवत राहिले. या वयातल्या माणसाला जहाजाच्या प्रवासात, परक्या हवेत, दारोदार जाऊन विद्यापीठाची योजना समजावून सांगताना काय वाटले असेल, याचा विचार मनात आला की मला आजही भरून येते.

आणि मान्यता? मुंबई राज्याचा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. त्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू प्रेमलीलाबाई ठाकरसी, म्हणजे सर विठ्ठलदास यांच्या पत्नी, झाल्या. स्थापना आणि मान्यता यांच्यात पस्तीस वर्षे गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ काढणारे कर्वे तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. विद्यापीठाच्या कागदोपत्री इतिहासात १९५१ हा मोठा टप्पा आहे, आणि तो तसा असायलाच हवा, कारण त्या दिवसापासून पदवीधर स्त्रीला आपल्या पदवीबद्दल खुलासा करावा लागला नाही. पण माध्यम, बाहेरून परीक्षा, वर्गणीदारांचा मतदारसंघ, गृहजीवनाशी निगडित विषयांना विद्यापीठीय स्थान, हे सारे १९१६ च्या आसपासच ठरून गेले होते. कायद्याने नव्याने काही निर्माण केले नाही. आधीच चालू असलेल्या कामावर मोहोर उठवली.

आपल्या कामासाठी यातून काय घ्यावे, ते आता नेमके सांगतो. अधिसभा आणि विद्यापरिषद यांची पहिल्या पाच वर्षांची इतिवृत्ते मागवून घ्यावीत आणि सारांशावर न थांबता चर्चेची पाने वाचावीत. फेटाळले गेलेले ठराव विशेष लक्ष देऊन पाहावेत, कारण जुन्या विद्यापीठाचा नियम तसाच ठेवावा की बदलावा हा वाद तेथेच झालेला असतो. अभ्यासमंडळांनी पहिल्या आराखड्यात केलेले बदल पाहावेत. पहिल्या तुकडीचा निकाल कमी लागला असेल तर तो लपवू नये, आणि त्यानंतर मूल्यमापनात काय सुधारले ते लिहावे. नॅकसाठी, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी, तयार केलेला अहवाल हाताशी असेलच. त्यातले आकडे घ्यावेत, भाषा घेऊ नये. ती तपासणी समितीसाठी लिहिलेली असते, आणि आपला वृत्तान्त विद्यार्थ्यांसाठी व गावासाठी आहे.

वृत्तान्ताची सुरुवात पहिल्या तुकडीपासून करावी, असा माझा आग्रह आहे. त्यांचे प्रवेश अर्ज परीक्षा विभागाच्या कपाटात अजून असतील. त्यांतले पंचवीस-तीस जण निवडावेत, शिक्षण अर्धवट सोडून गेलेले दोघे-चौघेही त्यांत घ्यावेत, आणि मजकूर छापखान्यात जाण्याआधी त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलून घ्यावे. विद्यापीठाने त्यांच्यासाठी कोणता नियम बदलला होता, असे त्यांना विचारावे.